नागपुरातून एकट्याने थरला: वाळवंटातल्या बागा, खडक आणि रस्ता

थर म्हणजे वाळूचे डोंगर, असं डोक्यात घेऊन निघालात तर जाऊन-येऊन २,८०० किलोमीटरचं पेट्रोल एका संध्याकाळच्या फोटोसाठी जळेल. थरमध्ये मोकळ्या, हलत्या वाळूच्या टेकड्या थोड्या जागी आहेत. बाकीचा प्रदेश म्हणजे खेजडी, केर, फोग ही झाडं-झुडपं, सेवण गवत, खडकाळ माळ आणि कोरडे नाले. पाहण्यासारखं आहे ते हेच, आणि ते सकाळी व ऋतू धरूनच दिसतं. म्हणून या सहलीचं वेळापत्रक अंतरावरून न ठरवता झाडांवरून ठरवायचं आणि गाडी त्यात बसवायची.

हा लेख पहिल्यांदाच स्वतः गाडी चालवत, सोबत कोणी न घेता जोधपूर-जैसलमेरकडे जाणाऱ्यांसाठी आहे. चारचाकी गृहीत धरली आहे. एकूण दहा-अकरा दिवस लागतात: जायला तीन, जोधपूरला दोन, जैसलमेरला तीन, परतीला तीन. आठ दिवसांत बसवायला गेलात की कात्री लागते ती सकाळच्या फेरफटक्यांना, आणि मग जाण्यातच अर्थ राहत नाही.

१. आधी महिना ठरवा

थरची तीन वेगवेगळी रूपं आहेत, त्यातलं एकच एका सहलीत मिळतं.

जुलैअखेर ते सप्टेंबर: पाऊस झाला असेल तर खडकांच्या फटीफटीतून हिरवळ येते. जोधपूरच्या खडक-बागेसाठी हाच काळ उत्तम. पण दुपारी उकडतं, आणि भुरट नावाच्या गवताची काटेरी बोंडं मोजे-पँटला शेकड्यांनी चिकटतात. भाद्रपदात रामदेवरा इथं लोकदैवत बाबा रामदेवांची (योगगुरू नव्हेत) जत्रा असते. तेव्हा जोधपूर, फलोदी, पोखरणकडचे रस्ते पायी निघालेल्या यात्रेकरूंनी भरून जातात, रात्रीसुद्धा. त्या पंधरवड्यात एकट्याने गाडी घेऊन जाऊच नका.

नोव्हेंबर ते जानेवारी: हवा सुरेख, पक्षी भरपूर, झाडं मात्र करडी आणि निम्मी निष्पर्ण. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी सोपा काळ. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हॉटेलांचे दर चढतात, तो आठवडा टाळा.

फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य: रोहिडा फुलतो. पिवळा, केशरी, लाल, अशा तीन छटांची फुलं उघड्या माळावरच्या झाडांना लागतात. राजस्थानचं हे राज्यपुष्प. एकच महिना निवडायचा असेल तर हाच. फक्त माघ पौर्णिमेच्या आसपास जैसलमेरला मरु महोत्सव असतो, त्याच्या तारखा पाहून खोलीचं आरक्षण करा.

एप्रिल ते जून नाही म्हणजे नाही. "आम्ही नागपूरचे, ४५ अंश आम्हाला नवीन नाही" हा युक्तिवाद इथं चालत नाही. १९ मे २०१६ ला फलोदीत ५१ अंश नोंदले गेले, आणि तुम्ही ज्या रस्त्यावरून जाणार आहात तो फलोदीवरूनच जातो. शिवाय नागपुरात दुपारी घरात कूलरसमोर बसता येतं. तिथं गाडी बंद पडली तर सावलीसाठी खेजडीच शोधावी लागेल.

हिवाळ्याचा सापळा याच्या उलट आहे. दिवसा हाफ शर्टात फिरता येतं म्हणून लोक स्वेटर आणत नाहीत. जानेवारीच्या पहाटे जैसलमेरच्या उघड्या माळावर पारा पाच-सात अंशांपर्यंत उतरतो आणि वारा असतो. आतून थर्मल, वरून वारा अडवणारं जॅकेट आणि कानटोपी. नागपूरकराचा नेहमीचा दुपट्टा दोन्ही ऋतूंत कामाला येतो, धुळीलाही.

२. कागदपत्रं आणि गाडी

सोबत ठेवायचं: वाहन परवाना, गाडीचं नोंदणी पुस्तक, चालू विमा, पीयूसी, आधार. डिजिलॉकरमधल्या प्रती चालतात, पण जैसलमेरच्या पश्चिमेला नेटवर्क जातं. म्हणून मूळ कागद किंवा छापील प्रती डॅशबोर्डच्या कप्प्यात असू द्या. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं सहीचं पत्र घ्या. सीमावर्ती जिल्हा आहे, चौकशी होते, आणि एकट्या माणसाची जरा जास्तच होते. त्यात रागावण्यासारखं काही नाही.

फास्टॅगमध्ये पुरेशी रक्कम हवी. २०२५ मध्ये सुरू झालेला वार्षिक पास (सुरुवातीला ३,००० रुपयांत २०० टोल-फेऱ्या) घेतला असेल तर लक्षात ठेवा: तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. मध्य प्रदेशातला लेबड–जावरा–नयागाव हा मोठा टप्पा राज्याचा आहे, तिथं खात्यातून नेहमीसारखे पैसे कापले जातात. पासच्या भरवशावर खातं रिकामं ठेवलं की पहिल्याच नाक्यावर अडकाल.

ज्यांना लांबचा रस्ता नको त्यांनी रेल्वेने जोधपूर गाठून तिथं गाडी भाड्याने घ्यावी. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते.

गाडीची तयारी निघण्याच्या दहा दिवस आधी करा, आदल्या दिवशी नाही.

टायर: बाजूवर चार आकडी खूण असते. "३५२१" म्हणजे २०२१ सालचा ३५वा आठवडा. पाच वर्षांहून जुने टायर, नक्षी शाबूत दिसली तरी, या प्रवासाला नेऊ नका. विदर्भाच्या उन्हात रबर आतून कडक होतं आणि लांब, सलग वेगात ते फुटतं. स्टेपनीची तारीखही पाहा, तीच सगळ्यात जुनी निघते. हवा थंड टायरमध्ये मोजायची, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी.

एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर: नवे बसवा. धुळीने एअर फिल्टर तुंबला की गाडी ओढत नाही आणि जास्त पेट्रोल पिते.

बाकी: कूलंटची पातळी, बॅटरीचं वय, वायपरचं रबर, दोन्ही हेडलाइटची उंची.

डिकीत हवं: जॅक आणि चाकाचा पाना, जॅकखाली ठेवायला फूटभर लांब-रुंद जाड लाकडी फळी (वाळूत नुसता जॅक खाली रुततो, गाडी वर येत नाही), ट्यूबलेसचं पंक्चर किट, बारा व्होल्टचा हवेचा पंप आणि दाब मोजायचं मीटर, टोचनाचा पट्टा, छोटं फावडं, टॉर्च. पंक्चर काढण्याचा आणि चाक बदलण्याचा सराव घरच्या अंगणात एकदा करा. नट दुकानातल्या मशिनने आवळलेले असतात, हाताने सुटत नाहीत; पान्यावर चढवायला लांब पाइप ठेवा.

पाणी: पिण्यासाठी दिवसाला चार-पाच लिटर आणि वर कधीही न फोडायचा दहा लिटरचा कॅन. कोरड्या हवेत घाम वाळून जातो, तहान लागल्याचं उशिरा कळतं. ओआरएसची दहा पाकिटं, डोळ्यात टाकायचे साधे थेंब, काटे काढायला चिमटा. चिमटा विसरू नका, तो रोज लागतो.

३. रस्ता: तीन दिवस, तीन मुक्काम

एकट्या चालकाने दिवसाला चारशे किलोमीटरच्या वर जाऊ नये. पहिला दिवस याला अपवाद ठरतो, म्हणून तो पहाटे पाचला सुरू करायचा.

पहिला दिवस, नागपूर–इंदूर, साधारण साडेचारशे किमीच्या वर. राष्ट्रीय महामार्ग ४७: सावनेर, पांढुर्णा, मुलताई, बैतूल, चिचोली, हरदा. मुलताईला तापीचं उगमस्थान रस्त्यालगतच्या गावातच आहे, चहाचा पहिला थांबा तिथं घ्या. हिवाळ्यात मुलताई–बैतूलच्या पठारावर सकाळी धुकं असतं; ट्रकच्या मागच्या दिव्यांना धरून चालण्याची सवय अंगाशी येते, ट्रक थांबलेलाही असू शकतो. हरद्यापुढे हंडिया–नेमावरला नर्मदा ओलांडता. थकवा वाटला तर हरद्यालाच मुक्काम करा. इंदूर दुसऱ्या दिवशी बाहेरूनच जाता येतं.

दुसरा दिवस, इंदूर–चित्तोडगड, सव्वातीनशेच्या आसपास. इंदूरहून लेबड, तिथून रतलाम, जावरा, मंदसौर, नीमच, निंबाहेडा. चौपदरी रस्ता, सरळ, आणि म्हणूनच झोप आणणारा. दर दीड तासाला उतरायचंच, गरज वाटो न वाटो. जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत मंदसौर-नीमचच्या शेतांत अफूची पांढरी फुलं दिसतात. परवान्याची शेती आहे. रस्त्यावरून पाहा, शेतात शिरू नका, बोंड तोडू नका. कोणी "डोडा" (अफूची सुकी बोंडं) विकायला आला तर काच वर करून पुढे निघा, तो गुन्हा आहे.

तिसरा दिवस, चित्तोडगड–जोधपूर, सव्वातीनशेच्या आतबाहेर. भीलवाडा, ब्यावर, बर, बिलाडा. ब्यावरपर्यंत अरवलीची रांग सोबत असते. ती ओलांडली की झाडं बुटकी होतात आणि हवा कोरडी. सकाळी चित्तोडचा किल्ला पाहून निघायचा मोह होईल. किल्ला मोठा आहे, चार तास जातात, आणि मग जोधपूरला अंधारात पोहोचाल. किल्ला परतीला ठेवा.

अंधारात गाडी चालवायची नाही, हा नियम या सगळ्या सहलीला लागू. गाय, नीलगाय, उंट रस्त्यावर उभे असतात. उंटाचे पाय हेडलाइटमध्ये दिसतात, धड दिसत नाही, आणि धडकेत ते धडच काचेवर येतं.

४. जोधपूर: खडकातली बाग

राव जोधा डेझर्ट रॉक पार्क हे या सहलीचं खरं केंद्र. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सुमारे ७० हेक्टरचा हा खडकाळ तुकडा विलायती बाभळीने गिळला होता. २००६ मध्ये मेहरानगड म्युझियम ट्रस्टने तो मूळ रूपात आणायचं काम हाती घेतलं. निसर्ग-अभ्यासक प्रदीप कृष्ण यांनी ते उभं केलं, आणि २०११ मध्ये बाग लोकांसाठी उघडली. विलायती बाभूळ वरून तोडली की पुन्हा फुटते. म्हणून दगडखाणीत पिढ्यानपिढ्या काम करणारे खांडवालिया बोलावून, खडक फोडून मुळांसकट ती काढली, आणि त्याच खड्ड्यांत इथल्या मातीतली झाडं लावली. त्यामुळे इथं शोभेची रांग, वाफे, कारंजी असलं काही नाही. "बाग कुठे आहे?" असं विचारत परतणारे लोक दिसतात, बागेतूनच चालत असतात.

कसं पाहायचं:

सकाळी दार उघडताच आत जा. सिंघोरिया पोळ या जुन्या तटाच्या दरवाजात माहिती-केंद्र आहे. तिथले फलक वीस मिनिटं नीट पाहा आणि मगच चाला, नाहीतर सगळी झुडपं एकसारखी दिसतील. पैसे देऊन जाणकार वाटाड्या मिळतो. एकटे असाल तरी घ्या. या सहलीत वाटाड्यावर खर्च करण्यासारखी हीच जागा आहे, जैसलमेरजवळच्या समच्या वाळूतल्या जीपपेक्षा नक्कीच.

रंगांनी ओळखल्या जाणाऱ्या पायवाटा आहेत, प्रत्येक किलोमीटरच्या आसपास. दोन पुरेत. एक कोरड्या नाल्यातून जाणारी आणि एक तटाच्या बाजूने तळ्याकडे जाणारी निवडा. तीन तास धरा.

पायाखाली पाहत चाला. हा ज्वालामुखीतून आलेला रायोलाइट, सत्तर कोटी वर्षांहून जुना. नागपूरच्या पश्चिमेचा काळा बसाल्ट साडेसहा कोटींचा, म्हणजे याच्यापुढे कालचा. वर किल्ला ज्यावर उभा आहे तो नंतरचा वालुकाश्म. दोन खडकांचा सांधा इथं उघडा दिसतो आणि तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपला आहे.

ओळखायची झाडं: थोर (काटेरी, हिरव्या दांड्यांचा झुबका, याला निवडुंगाचा भाऊ समजू नका, खरे निवडुंग मूळचे अमेरिकेचे), गुग्गुळ (साल कागदासारखी सोलली जाते), कुमट (डिंक याचाच), केर (पानं जवळजवळ नाहीत, हिरव्या काड्याच), बोर, आणि जाळ. थोराचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, रुईचाही तसाच. काडी मोडून पाहायची सवय इथं सोडा. चीक लागलाच तर आधी भरपूर पाण्याने धुवा, हात डोळ्याकडे नेऊ नका.

जाड तळव्याचे, घोट्यापर्यंतचे बूट हवेत. थोराचा काटा स्पोर्ट्स शूजच्या कापडातून सरळ आत जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहराच्या आग्नेयेला सुमारे २५ किमीवर खेजडली. १७३० मध्ये खेजडीची झाडं तोडायला आलेल्या राजाच्या माणसांपुढे अमृता देवी आणि एकूण ३६३ बिष्णोई झाडांना मिठी मारून उभे राहिले आणि मारले गेले. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पुजतो ती. तिथून गुडा बिष्णोइयांच्या तळ्याकडे या: चिंकारा आणि काळवीट गाडीतूनच दिसतात. इंजिन बंद, दार उघडायचं नाही, खायला काही टाकायचं नाही. गावं दाखवणाऱ्या सहलींमध्ये पाहुणचार म्हणून अफूचं पाणी पुढे केलं जातं. हात जोडून नाही म्हणा. रूढी काहीही असो, कायदा तुम्हाला लागू आहे आणि पुढे तुम्हालाच गाडी चालवायची आहे.

मंडोरची बाग दुपारी, सावलीसाठी, तासभर. मारवाडची ही जुनी राजधानी. राजांच्या छत्र्या सुंदर आहेत, बाग बेतास बात, वानरं फार. हातात पिशवी नको. वाळवंटी शेतीवर काम करणाऱ्या काजरी संस्थेचीही वनस्पती-बाग आहे, पण ती संशोधन संस्था आहे, सहलीचं ठिकाण नाही. आधी विचारून परवानगी मिळाली तरच जा.

जेवणात केर-सांगरी मागवा. सकाळी पाहिलेल्या केराची फळं आणि खेजडीच्या शेंगा, दोन्ही ताटात येतात. मिरचीवडा सावजीच्या सवयीला फिका वाटेल.

५. जोधपूर–जैसलमेर: सरळ नको, फलोदीवरून

राष्ट्रीय महामार्ग १२५ ने पोखरणमार्गे पावणेतीनशेच्या आसपास अंतर आहे आणि बहुतेक लोक तोच घेतात. त्याऐवजी ओसियां–फलोदी–रामदेवरा–पोखरण असे जा. पस्तीस-चाळीस किमी वाढतात आणि खीचन मिळतं. फलोदीलगतच्या या गावात सप्टेंबर ते मार्च हजारो कुरजा, म्हणजे लहान जातीचे क्रौंच, उतरतात. गावकरी चुग्गाघरात धान्य टाकतात. पक्षी सकाळी तिथं आणि दुपारी तळ्यावर असतात. २०२५ मध्ये या जागेला रामसर दर्जा मिळाला. सकाळचं दृश्य गाठायचं तर आदल्या संध्याकाळी फलोदीत मुक्काम हवा; जोधपूरहून अंधारात निघायचा खटाटोप करू नका. तळ्याजवळ हॉर्न, पांढरे-भडक कपडे आणि ड्रोन, तिन्ही नको.

सूर्याचा हिशेब. जैसलमेरला जाताना तुम्ही पश्चिमेकडे चालता. दुपारी तीननंतर सूर्य सरळ काचेत येतो आणि समोरची म्हैस दिसत नाही. म्हणून सकाळी निघून दोनच्या आत पोहोचा. परतीला याच्या उलट: पहाटे निघालात तर उगवता सूर्य डोळ्यांत, म्हणून नाश्ता करून साडेनऊला निघा. जैसलमेर नागपूरच्या बरंच पश्चिमेला असल्याने घड्याळही फसवतं. जानेवारीत सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो. सहाचा गजर लावून माळावर गेलात तर दीड तास काळोखात कुडकुडत बसाल.

६. जैसलमेर: तीन सकाळी, तीन दिशा

शहरात शिरताना मोटारसायकलवरचे दलाल गाडीला समांतर येऊन हॉटेल आणि कॅम्प विकतात. मुक्काम आधीच ठरवलेला असला की काच खाली करावीच लागत नाही. किल्ल्याच्या आत गाडी नेता येत नाही. पार्किंग असलेली खोली किल्ल्याबाहेर घ्या.

पहिली सकाळ, दक्षिण. बाडमेर रस्त्यावर १७ किमीवर आकल जीवाश्म उद्यान. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची खोडं दगड होऊन पडली आहेत, जाळीच्या पिंजऱ्यांत. आज काटेरी झुडूपही जिथं मोठ्या मुश्किलीने उगवतं तिथं एके काळी ओलं जंगल होतं, हे पाहायला तासभर पुरतो. आपल्या सिरोंच्याजवळचं वडधम पाहिलेल्यांना ओळखीचं वाटेल. तुकडा उचलून खिशात घालू नका. तिथून पुढे खुरी: समपेक्षा लहान, समपेक्षा शांत वाळूच्या टेकड्या.

दुसरी सकाळ, पश्चिम. डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किमी पसरलेलं आहे, पण पाहायचं ते सुदासरीचं कुंपणातलं क्षेत्र, शहरापासून सुमारे ६० किमी. वनखात्याच्या जैसलमेर कार्यालयातून आदल्या दिवशी परवानगी घ्या. शनिवार-रविवार धरून बेत आखलात तर कार्यालय बंद सापडेल. सेवण गवताच्या या माळावर माळढोक आहे, तिथं त्याला गोडावण म्हणतात. दिसेलच असं नाही, आणि न दिसणंच जास्त संभवतं. म्हणून सहल त्याच्यावर लावू नका: चिंकारा, वाळवंटी कोल्हा, गिधाडं, आणि डोळ्यांना अडथळा नसलेला गवताळ माळ, एवढ्यासाठीही यावं. वाट सोडून गाडी गवतात घालू नका. माळढोक अंडं उघड्या जमिनीवर घालते.

परतताना समच्या टेकड्या वाटेत येतात. संध्याकाळी तिथं मोठ्या आवाजातली गाणी, जीपा, उंटांची गर्दी. थांबायचंच तर ठरवताना एकच प्रश्न विचारा: "यात काय-काय धरलं आहे?" उंट, जीप, जेवण, कार्यक्रम, सगळं मिळून एक आकडा कागदावर घ्या.

तिसरी सकाळ, जवळपास. बडा बाग (भाटी राजांच्या छत्र्या आणि मागे पवनचक्क्या), कुलधरा (ओसाड पडलेलं गाव), गडीसर तळं. किंवा उत्तरेला रामगढमार्गे तनोट, सुमारे १२० किमी. तनोटपर्यंत भारतीयांना जाता येतं. सीमेच्या खांबापर्यंत जायला सीमा सुरक्षा दलाची परवानगी लागते. रामगढच्या पुढे पेट्रोल पंपाचा भरवसा धरू नका, टाकी तिथंच भरा. ड्रोन नेऊच नका. लष्करी ताफा दिसला तर बाजूला घ्या, कॅमेरा खाली ठेवा.

७. वाळूत गाडी रुतली तर

सोपा उपाय: घालू नका. पुढची चाकं ओढणारी साधी गाडी टेकडीवर चढत नाही, आणि रस्त्याकडेची कडक दिसणारी जागा वरून कडक, खाली भुसभुशीत असते. फोटोसाठी डांबर सोडून चार फूट आत गेलेली गाडीच सर्वाधिक रुतते.

रुतलीच तर:

अ) ॲक्सिलरेटर लगेच सोडा. चाक फिरवत राहिलात की दोन मिनिटांत गाडीचं पोट वाळूला टेकतं.
आ) उतरा. ओढणाऱ्या चाकांच्या पुढची-मागची आणि पोटाखालची वाळू काढा. पूर्ण काढा, अर्धी नाही.
इ) ओढणाऱ्या चाकांतली हवा १८–२० पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, पकड वाढते.
ई) पायपुसण्या किंवा ती लाकडी फळी चाकामागे, दातांत अडकेल अशी सरकवा.
उ) आलात त्याच चाकोरीतून मागे काढा. स्टिअरिंग सरळ, गिअर रिव्हर्स, पाय हलका.
ऊ) डांबरावर येताच पंपाने हवा पूर्ववत. कमी हवेत वेगाने चाललात तर टायर रिममधून निसटतो.

तीनदा प्रयत्न करून निघाली नाही तर थांबा आणि मदत मागा, ट्रॅक्टर मिळतो. गाडी सोडून पायी निघू नका, लांबून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

८. एकटे आहात म्हणून

घरी एका माणसाला रोज सकाळी रस्ता आणि पोहोचायची वेळ कळवा, आणि "या वेळेनंतर दोन तास फोन लागला नाही तर हॉटेलला फोन कर" असं ठरवून द्या. नुसतं लोकेशन चालू ठेवून उपयोग नाही, नेटवर्क गेलं की ते जुन्या जागीच अडकतं. नकाशे आधीच उतरवून घ्या. तातडीला ११२, राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३.

माळावर संध्याकाळनंतर टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. फुरसं रात्री बाहेर पडतं, लहान असतं आणि वाळूच्या रंगाचं असतं. कॅम्पमध्ये बूट सकाळी झटकून घाला.

खर्चाचा अंदाज: जाणं-येणं आणि स्थानिक फिरणं मिळून ३,४०० किमी धरा. लिटरला १५ किमी देणाऱ्या गाडीला सव्वादोनशे लिटर. त्यावर टोल, नऊ-दहा रात्रींच्या खोल्या, आणि अडचणीसाठी रोख पाच हजार वेगळ्या पाकिटात.

९. परतल्यावर

गाडी खालून पाण्याने धुवून घ्या, एअर फिल्टर काढून झटका, चाकांच्या अलाइनमेंटची तपासणी करा. पायपुसण्या अंगणात न झटकता कचऱ्यात झटका. भुरटाची बोंडं त्यातच असतात.

आणि रोपांबद्दल. राव जोधा बागेच्या रोपवाटिकेतून गुग्गुळ किंवा रोहिडा आणायची इच्छा होईल. जैसलमेरला वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, नागपूरला हजारावर पडतो, आणि आपली काळी माती पाणी धरून बसते. पहिल्याच श्रावणात मूळ कुजतं. आणायचंच असेल तर जमिनीत लावू नका: तळाला मोठं भोक असलेली मातीची कुंडी, दोन भाग जाड रेती, एक भाग मुरूम, एक भाग माती, आणि जून ते सप्टेंबर कुंडी छपराखाली.